झाकण उघडण्याआधी

देवाला आधी विनवायचं आणि मग निकाल लागू द्यायचा, ही जगाची रीत. आमच्या चिंचेवाडीच्या दवाखान्यात ती उलटी होती. तिथे निकाल आधी लागायचा, मग देवाला विनवायला वेळ मिळायचा, आणि सगळ्यात शेवटी काय लागलंय ते झाकण उघडून बघायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. वाटू नये अशी सोय हावळबाईंनीच करून ठेवली होती, आणि तीच पुढे त्यांच्या अंगाशी आली.

गोष्ट दोन हजार चाळीसच्या अलीकडची-पलीकडची. तोवर किडन्या प्रयोगशाळेत वाढायला लागल्या होत्या. साच्यात पेशी लावायच्या, त्यांना खाऊपिऊ घालायचं, की कुणाच्याही पोटात बसेल अशी किडनी तयार. पण एका किडनीचे लाड इतके करावे लागायचे की आमच्या सगळ्या भागाच्या वाट्याला महिन्याला एक यायची. डॉक्टर मंडळी यादीतून सगळ्यात वाईट अवस्थेतले दोघं निवडायची. इतके सारखे, की दोघांत डावं-उजवं करायला डॉक्टरांचं मन धजावू नये. मग त्या दोघांत सोडत.

सोडत आधी साध्या संगणकावर व्हायची. पण संगणक आकडा काढतो म्हणजे शेवटी हिशेबच करतो. सुरुवात कुठून केली ते कळलं की पुढचं सगळं कळतं. कुठल्याशा शहरात एका भामट्याने ती सुरुवात शोधून काढली आणि आपल्या माणसांना ओळीने किडन्या लावून दिल्या. लोकांनी तिथल्या काचा फोडल्या, खुर्च्या पळवल्या. एकाने तर म्हणे लिफ्टचा दरवाजा घरी नेला आणि गोठ्याला लावला. त्यानंतर सरकारने क्वांटम सोडतीची पेटी आणली.

पेटी तशी साधी. आत एक अर्धा आरसा, अर्धा प्रकाश परतवणारा आणि अर्धा आरपार सोडणारा. त्यावर प्रकाशाचा एकच कण सोडायचा. कण आरपार गेला तर डावा दिवा लागणार, परतून आला तर उजवा. कुठे जायचं ते ठरवायला त्याला काही कारणच नसतं. रागलोभ नाही, वशिला नाही, खिशात आधी लिहून ठेवलेली चिठ्ठीसुद्धा नाही. दिवे झाकणाखाली, झाकणाला दोन कुलपं, एकेक किल्ली एकेका घरच्यांकडे. दोघांनी मिळून उघडल्याशिवाय निकाल कुणाला दिसायचा नाही.

आता, कारणाशिवाय काही घडतं हे आपल्याकडे कोण मानणार? इथे दूध नासलं तरी कुणाची नजर लागली ते शोधतात. म्हणून कायद्याने सांगितलं, की सोडतीआधी दोन्ही घरच्यांना या शास्त्राचा इतिहास समजावून सांगावा. हे काम आमच्याकडे सुनंदा हावळबाईंकडे आलं. कॉलेजात त्यांनी जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेलं. इतिहास सांगायला आणि बटण दाबायला त्या एकट्याच. बाईंनी पहिल्याच महिन्यात ओळखलं, की मरणाच्या दारात बसलेल्या माणसांना व्याख्यान चालत नाही. त्यांनी त्याची पोथी केली. पाच अध्याय, मधे चहा, शेवटी शिरा.

लोक नुसता इतिहास ऐकायलाही येऊन बसायचे. ज्यांच्या किडन्या ठणठणीत होत्या असेसुद्धा.

*

त्या दिवशी सोडत होती कल्याणी मगदूम आणि आप्पासो कुंभोजे यांच्यात.

कल्याणी म्हणजे बाईंचीच विद्यार्थिनी. आता त्याच कॉलेजात त्यांच्याच खुर्चीवर बसून भौतिकशास्त्र शिकवायची. बटण दाबणारं माणूस नात्यातलं नसावं म्हणताना कायद्याने रक्ताचं आणि लग्नाचं तेवढंच नातं मोजलं होतं. शिकवल्याचं नातं कायद्याला माहीत नव्हतं. आप्पासो म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलवाले. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनी शिकवली आणि उरलेल्या निम्म्यांना रस्ता ओलांडायला. डायलिसिसने चेहरा काळवंडला होता, दिवसाला पाणी मोजून प्यायचं होतं, पण तोंड तेवढं कुणी आवरू शकलं नव्हतं.

"पहिला अध्याय," बाईंनी सुरुवात केली. "साल एकोणीसशे. प्लांक नावाचे एक अतिशय शिस्तीचे प्राध्यापक. लोखंड तापलं की लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. पण तो हिशेब जुन्या नियमांनी केला तर उत्तर यायचं की साध्या शेगडीतूनसुद्धा अमाप ऊर्जा बाहेर पडायला हवी."

"आमच्या घरची शेगडी नसणार ती," आप्पासो म्हणाले.

"तेव्हा प्लांकनी नाइलाजाने मानलं, की ऊर्जा धारेसारखी वाहत नाही, गुळाच्या खड्यांसारखी सुटी सुटी मिळते. त्यांना स्वतःलाच ते आवडलं नव्हतं. हिशेब जुळवण्यापुरतं केलं म्हणाले. पाच वर्षांनी आइनस्टाइन म्हणाले, हिशेबापुरतं नाही, प्रकाश खरोखरच कणाकणाने येतो."

दुसरा अध्याय बोर यांचा. अणूमध्ये जिना आहे, इलेक्ट्रॉन पायऱ्यांवरच उभा राहू शकतो, दोन पायऱ्यांच्या मधे नाही. तिसऱ्यात बाईंचा आवाज चढायचा. ढाक्यात बसलेले तरुण बोस प्रकाशाचे कण मोजायची नवी रीत लिहून थेट आइनस्टाइनना पाठवतात, आणि आइनस्टाइन ती स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापायला देतात. शिंकून शिंकून बेजार झालेला हायझेनबर्ग फुलांच्या परागांपासून पळून एका उजाड बेटावर जातो आणि तिथे नव्या शास्त्राची मांडणी त्याला सापडते. श्रोडिंगर तेच शास्त्र लाटांच्या भाषेत लिहितात. आणि बॉर्न सांगतात, की ही लाट म्हणजे नुसती शक्यता आहे. कण कुठे सापडेल ते निश्चित सांगता येणार नाही, सापडण्याची शक्यता किती तेवढंच सांगता येईल.

चौथा अध्याय भांडणाचा, म्हणून सगळ्यांचा आवडता. देव फासे टाकत नाही असं आइनस्टाइनचं म्हणणं, आणि बोर त्यांना वर्षानुवर्षं उत्तरं देतायत. इथे बाई आवाज उतरवून म्हणायच्या, "म्हणजे बघा, झाकण उघडून आपण पाहत नाही, तोवर काहीच घडलेलं नसतं. दोन्ही दिवे लागलेले आणि दोन्ही विझलेले."

दालनात सुस्कारा उमटायचा. या एका वाक्यासाठीच तर निकालानंतर प्रार्थनेचा वेळ ठेवलेला. अजून काही घडलंच नाही, तर देवाच्या हातात अजून आहे.

हे वाक्य खोटं होतं. निदान बाई ज्या अर्थाने सांगायच्या त्या अर्थाने. बोर यांचंच म्हणणं असं, की यंत्रावर कायमची खूण उमटली की मोजमाप संपलं. ती बघायला कुणी आलं काय, न आलं काय. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. पण एकदा एका आईला फार धीर आला होता त्या वाक्याने, आणि तेव्हापासून ते पोथीत शिरलं ते शिरलंच.

पाचवा अध्याय बेल यांचा. कणाच्या खिशात गुपचूप चिठ्ठी असते की नाही हे तपासायची युक्ती त्यांनी काढली. पुढे प्रयोगांमागून प्रयोग झाले, आणि तशी चिठ्ठी निघाली नाही. "तेव्हा आज ज्याला लागेल त्याला लागेल," बाई म्हणाल्या, "ज्याला लागणार नाही, त्याने कुणावरही रागावू नये. रागावण्याजोगं तिथे कुणी नाही."

आणि त्यांनी बटण दाबलं.

पेटीत एक बारीकसा आवाज झाला. टक्.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. डाव्या दिव्याचा खटका आणि उजव्या दिव्याचा खटका वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेले होते. डावा वाजायचा टिक्, उजवा टक्. फरक इतका सूक्ष्म, की नव्या माणसाला दोन्ही एकच वाटावेत. पण वर्षानुवर्षं त्या पेटीशेजारी बसून बाईंचे कान तयार झाले होते. सगळे डोळे मिटून हात जोडायचे तेव्हा बाईंना निकाल माहीत असायचा. आजवर त्यांनी त्याचं काही केलं नव्हतं. नुसत्या बसून राहायच्या, आणि ज्याचं फुकट जाणार त्याच्या प्रार्थनेकडे बघायचं टाळायच्या.

डावा दिवा कल्याणीचा होता, उजवा आप्पासोंचा.

आप्पासोंनी डोळे मिटले नव्हते. ते छताकडे बघत होते. कल्याणीने मिटले होते. हात जोडलेले, त्या हातावर सुया टोचून टोचून उठलेल्या गाठी. बाईंना आठवलं, बॉर्नचं समीकरण फळ्यावर लिहिलं होतं त्या दिवशी वर्गात एकटीच मुलगी हसली होती. कळल्यामुळे हसली होती.

विजेचा दाब दाखवणारा काटा पेटीच्या मागच्या बाजूला, फक्त बाईंना दिसेल असा. दाब पडला तर सोडत रद्द करायची, तांबडं बटण दाबून. काटा जागच्या जागी उभा होता.

"दाब पडला," बाई म्हणाल्या. "पुन्हा करावी लागेल."

तांबडं बटण दाबलं. मग हिरवं.

टिक्.

झाकण उघडलं तेव्हा डावा दिवा लागलेला होता. कल्याणी रडली. आप्पासोंनी तिच्या नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली आणि शिरा मागून घेतला.

*

त्या महिन्यात बाईंनी स्वतःला पुष्कळ समजावलं. झाकण उघडलं नव्हतं, म्हणजे घडलं नव्हतं. दुसरी सोडतही काही लबाडीची नव्हती, तिथेही कण आपल्या मनानेच गेला. उलटा गेला असता तर? कल्याणी अजून कितीतरी वर्षं मुलं शिकवेल. असं बोलत बोलत त्या चौथ्या अध्यायापर्यंत यायच्या, आणि तिथे बोर उभे असायचे.

कल्याणी बरी होऊन पेढे घेऊन आली. पाया पडायला वाकली तर बाई मागे सरकल्या. "असू दे, असू दे, टाके ताजे आहेत," म्हणाल्या. पेढ्याचा डबा शेजारी देऊन टाकला.

मग एक दिवस आप्पासो आले. पायऱ्या चढून दम लागलेला, हातात भडंगाची पिशवी.

"मला चालत नाही हे. मीठ असतंय. तुमच्यासाठी आणलं."

"अहो, कशाला?"

"बोलायचं होतं." ते खुर्चीत बसले. "बाई, मी भांडकुदळ माणूस. वाटणीत भावाशी भांडलो, लायसनसाठी साहेबाशी भांडलो, बायकोशी तर विचारूच नका. आजार झाल्यावर वाटलं, आता मरेपर्यंत सगळ्यांना शिव्या देत बसणार मी. पण तुमची पोथी ऐकली आणि शिव्या द्यायला कुणी उरलंच नाही बघा. नाही लागली तर नाही लागली. कुणी केलं नाही. लई हलकं वाटतंय. परवा भावाच्या घरी जेवून आलो."

बाईंनी पिशवीवरून नजर काढून खिडकीकडे वळवली.

"काय झालं? भडंग आवडत नाही?"

"आप्पासो, तुम्हाला लागली होती."

"काय लागली होती?"

"किडनी. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा. मला आवाजावरून कळतं. दाब पडलाच नव्हता."

आप्पासोंनी पिशवी मांडीवरून उचलून टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा मांडीवर घेतली.

"मॅडमना माहीत आहे? मगदूम मॅडमना?"

"नाही."

"मग तिला सांगू नका. तिनं काय केलंय." ते उठले, पुन्हा बसले. "आणि मला तरी कशाला सांगितलंत? चांगला मजेत मरत होतो की."

"मी सोडतीच्या समितीकडे जाते. राजीनामा देते, सगळं सांगते."

"द्या की! तुम्ही मोकळ्या. आणि मी?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पुढच्या महिन्यात माझं नाव परत आहे. तिथं नवीन कुणीतरी येऊन बसणार, त्याला काय ऐकू येणार? नाही बाई. तुम्ही तिथंच बसा. मगदूम मॅडमसाठी एकदा केलंत ना? आता माझ्यासाठी एकदा करा. माझी निघाली नाही तर दाब पाडा. माझी होती ती मला द्या, बस्स. जास्तीचं मागत नाही."

"आणि जे समोर असतील त्यांचं?"

"त्यांचं तुम्ही बघा," आप्पासो म्हणाले. "सवय आहे तुम्हाला."

बाईंनी नाही म्हटलं नाही, तोच होकार धरून ते भडंग परत घेऊन गेले.

*

समोर निघाली रेश्मा मुजावर. बांगड्यांचं दुकान चालवणारी, पदरी दोन लहान पोरं. पोरांना घरी ठेवलेलं. बरोबर सासरे आले होते, दस्तगीरचाचा. चाचांनी इतिहास आधी दोनदा ऐकला होता, नुसता हौसेने.

बाईंच्या बोलण्यात त्या दिवशी रंग नव्हता. प्लांक आले आणि गेले, बेटावर हायझेनबर्ग शिंकला पण कुणी हसलं नाही. आप्पासो मधे एक अक्षर बोलले नाहीत. ते फक्त बाईंकडे बघत होते.

चौथ्या अध्यायात बाई थांबल्या. मग म्हणाल्या, "आज एक दुरुस्ती करते. यंत्रात खूण उमटली की झालं. झाकण उघडण्याआधीच झालेलं असतं."

दालनात कुजबुज सुरू झाली. दस्तगीरचाचा उठून उभे राहिले.

"मग आम्ही दुवा कशाला मागायची, बाई? झाल्यावर मागून काय उपयोग? पहिल्या दोन वेळेला असं नव्हतं सांगितलं तुम्ही."

रेश्मा खाली मान घालून बसली होती. तिच्या ओढणीचं टोक तिच्याच मुठीत चुरगळत होतं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा धीर सुटला.

"तसं नाही चाचा. मागा तुम्ही. पाहत नाही तोवर... देवाच्या हातात आहे, असंच समजा."

डावा दिवा आप्पासोंचा होता, उजवा रेश्माचा. टक् वाजलं तर काय करायचं ते बाईंनी अजून ठरवलेलं नव्हतं. रात्रंदिवस विचार करूनही ठरलं नव्हतं. आप्पासोंचं त्यांच्याकडून येणं होतं, आणि ते द्यायला त्यांच्याजवळ दुसऱ्याच्या ताटातल्याशिवाय काही नव्हतं. त्यांनी हिरवं बटण दाबलं.

टिक्.

डावा. आप्पासोंना लागली. खरी लागली, कुणी काही न करता. बाईंना इतकं सुटल्यासारखं झालं, की त्यांनी चेहरा ओंजळीत लपवला आणि त्यांच्या बोटांमधून पाणी ठिबकायला लागलं.

सगळे हात जोडून डोळे मिटून होते. एकटे आप्पासो बघत होते. त्यांना दिसलं ते एवढंच, की बाई रडतायत आणि तांबड्या बटणाला हात लावत नाहीयेत.

"रद्द करा!" ते ओरडले. "बाई, रद्द करा! कबूल केलंय तुम्ही! दाबा ते बटण!"

सगळ्यांनी डोळे उघडले. बाईंनी वर पाहिलं आणि जोरजोरात मान हलवली, पण मान हलवून काय सांगणार? आप्पासो लटपटत पुढे आले आणि पेटीकडे हात टाकला. डॉक्टर शिंत्रेंनी त्यांना धरलं. शिंत्रे समितीचे प्रमुख. ते म्हणाले, "आधी झाकण उघडा."

आप्पासोंच्या बायकोने आणि दस्तगीरचाचांनी किल्ल्या फिरवल्या. डावा दिवा लागलेला.

आप्पासो त्या दिव्याकडे बघतच राहिले. तोंड उघडं ते उघडंच.

"कुंभोजे," शिंत्रे हळू म्हणाले, "झाकण उघडायच्या आधी तुम्ही रद्द करा का म्हणालात? आणि कबूल काय केलं होतं?"

उत्तर बाईंनी दिलं. उभं राहून, सगळं. दोन खटके, दोन आवाज, काटा जागच्या जागी असताना दाबलेलं तांबडं बटण. कल्याणीला काहीच माहीत नव्हतं हे दोनदा सांगितलं. आप्पासोंनी काय मागितलं ते मात्र गाळलं. "त्यांना मी आशा लावली, दोष माझा," एवढंच म्हणाल्या.

"आणि आज?" दस्तगीरचाचांनी विचारलं. "आज कुणाचा आवाज आला?"

"यांचाच. दिवा लागलाय तोच. आज मी काही केलं नाही, चाचा."

"आज केलं नाही. असेल." चाचा म्हणाले. त्यांना राग नव्हता आला, त्यांना खरंच कळत नव्हतं. "पण ते आम्ही कशावरून मानायचं? तुम्ही सांगा. मास्तरीण आहात. कशावरून?"



आप्पासोंनी शिंत्रेंचा हात बाजूला केला. "परत टाका," ते म्हणाले.

"नको!" बाई जवळजवळ किंचाळल्या. "आप्पासो, नको, ही खरी आहे हो! तुमची आहे!"

"माहीत आहे. माझा विश्वास आहे तुमच्यावर. या खोलीत एकट्याचाच असेल." ते रेश्माकडे वळले. "पोरी, मी मघाशी तुझी किडनी रद्द करा म्हणून ओरडत होतो. ती तुझी नव्हतीच, पण मला तसंच वाटलं होतं. आता ही घेऊन मी घरी जाणार आणि तुमच्या दुकानावरून रोज जाणार येणार. जमायचं नाही. डॉक्टर, परत टाका. बटण दुसऱ्या कुणीतरी दाबा. आणि बाईंना बाहेर पाठवा."

समितीने आपसात कुजबुजून मान्य केलं. बटण दाबायला नर्स आली. बाईंना व्हरांड्यात नेलं आणि दार लावलं. दार चांगलं जाड होतं. बाई बाकावर बसल्या. आत काय चाललंय ते या खेपेला त्यांना बिलकूल कळत नव्हतं. पदराचं टोक दातात धरून त्या पुटपुटत होत्या. देवाचं नाव घेण्याची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ते नीट जमत नव्हतं.

दार उघडलं. आधी दस्तगीरचाचा आले, भिंतीला धरून, हुंदके देत. मागून सुनेला सांभाळत दोन बायका. बाईंकडे कुणी पाहिलं नाही. सगळ्यात शेवटी आप्पासो आले. बायकोला त्यांनी पुढे पाठवलं आणि ते बाकावर टेकले. मधे एका माणसाची जागा सोडून.

"मुजावरांच्या सुनेला," ते म्हणाले.

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"गप्प बसा. माफीबिफी मागू नका, मला द्यायला जमायचं नाही." त्यांनी डोळे मिटले, श्वास खाली बसू दिला. "उद्यापासून तुम्हाला काम नाही. बरोबर?"

"बरोबर."

"स्कूटर अजून आहे ना तुमची?"

"आहे."

"मंगळवारी डायलिसिस असतो माझा. गुरुवारी, शनिवारी पण. बायकोला दर खेपेला ड्रायव्हिंग स्कूल बंद ठेवावं लागतंय." आप्पासो बाकाच्या पाठीला धरून उठले. "सातला या. आणि वाटेत इतिहास सांगायचा नाही."